रिकामी न होणारी टोपली

संगणक हा आतां शाळेंत आणि कित्येक घरांत नित्याच्या वापरांतला पदार्थ झाला आहे. त्याच्याकडून काम कसें घ्यावें हें मुलें लवकर शिकतात. निबंध लिहितात, तक्ते मांडतात, छायाचित्रें सांठवितात. परंतु नको झालेली वस्तु टाकावी कशी, आणि टाकल्यावर ती जाते कोठें, हें त्यांस सहसा कोणी समजावून सांगत नाहीं. त्यामुळें पडद्याच्या कोपऱ्यांतील ती लहानशी टोपली एखादे दिवशीं रिकामी होण्याचें नाकारूं लागली म्हणजे विद्यार्थी गोंधळून जातो व पालकांसही काय करावें तें सुचत नाहीं. विंडोज ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या संगणक-व्यवस्थेंत ह्या टोपलीस 'रीसायकल बिन' म्हणतात. तिच्या ह्या हट्टाचीं कारणें कोणतीं व तीं कोणत्या क्रमानें शोधावीं, ह्याचें विवेचन आम्ही येथें करणार आहों.

विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्यांतील जोखीम लहान नाहीं. घरांत संगणक बहुधा एकच असतो. त्या एकाच पेटींत मुलाचा प्रकल्प, वडिलांचे हिशेब, थोरल्या बहिणीचे नोकरीचे अर्ज आणि आईनें जपून ठेविलेलीं लग्नकार्याचीं छायाचित्रें, असें सर्व कांहीं एकत्र नांदत असतें. टोपली रिकामी होत नाहीं म्हणून कोणीं तरी सांगितलेला जालीम उपाय घाईनें केला, तर नको असलेली एक फाईल जाण्याऐवजीं हव्या असलेल्या शंभर फाईली कायमच्या जावयाच्या. रोग रेड्यास आणि औषध पखालीस, असा तो प्रकार होतो. म्हणून उपायाकडे वळण्यापूर्वीं टोपली म्हणजे काय तें नीट समजून घेणें अवश्य आहे.

आपण एखादी फाईल 'डिलीट' केली म्हणजे ती नाहींशी झाली असें आपणांस वाटतें. वस्तुतः तसें कांहीं घडत नाहीं. संगणकांतील प्रत्येक ड्राइव्हवर एक लपविलेलें फोल्डर असतें. त्याच्या नांवांत आरंभीं डॉलरचें चिन्ह, मग 'रीसायकल', नंतर टिंब व शेवटीं 'बिन' अशीं रोमन अक्षरें असतात. ही मांडणी २००७ सालीं बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टापासून चालत आलेली आहे. त्या फोल्डरांत, संगणकावर ज्याचें ज्याचें स्वतंत्र खातें असेल त्याच्या त्याच्यासाठीं एकेक वेगळी खोली असते. टाकलेली फाईल ह्या खोलींत येते तेव्हां तिच्या दोन फाईली होतात. 'डॉलर-आय' ह्या अक्षरांनीं आरंभ होणारी फाईल म्हणजे केवळ एक चिठ्ठी असते. मूळ फाईल कोठें होती, केवढी होती व कोणत्या वेळीं टाकली, एवढेंच तींत लिहिलेलें असतें. 'डॉलर-आर' ह्या अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या दुसऱ्या फाईलींत खरा मजकूर असतो. पुढील सहा अक्षरें दोहोंचीं सारखीं असल्यामुळें कोणती चिठ्ठी कोणत्या मजकुराची हें संगणकास ओळखतां येतें, आणि आपण 'रीस्टोर' म्हटलें म्हणजे ती चिठ्ठी वाचून तो वस्तु जागच्या जागीं नेऊन ठेवितो.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली ही कीं, पडद्यावर दिसणारी टोपली ही खरी टोपलीच नव्हे. सर्व ड्राइव्हांवरील आपापल्या खोल्यांत जें जें पडलें असेल तें एकत्र दाखविणारी ती एक खिडकी आहे. दुसरी ही कीं, फाईल टोपलींत टाकल्यानें ड्राइव्हवर जागा मोकळी होत नाहीं. घरांतील रद्दी माजघरांतून उचलून ओसरीवर ठेविली, तरी रद्दीवाला येऊन ती नेईपर्यंत घराचा तेवढा भाग अडलेलाच राहतो. तसेंच हें आहे.

आतां टोपली रिकामी केली म्हणजे तरी काय होतें? संगणक आपल्या नोंदवहींतून त्या फाईलीची नोंद काढून टाकितो आणि 'ही जागा आतां मोकळी' असें लिहितो. सात-बाराच्या उताऱ्यावरून एखाद्याचें नांव कमी केलें म्हणून शेत जागचें हलत नाहीं. दुसरा येऊन नांगर घालीपर्यंत जुन्या पिकाचीं धसकटें तेथेंच उभीं असतात. जुन्या पद्धतीच्या फिरत्या तबकडीवरही मजकूर असाच पडून असतो. विंडोजच्या पूर्वींच्या डॉस व्यवस्थेंत तर फाईल पुसली म्हणजे यादींतील तिच्या नांवाचें पहिलें अक्षर तेवढें खोडून तेथें एक खूण करीत. अमेरिकेंतील पीटर नॉर्टन ह्यांनीं १९८२ सालीं काढलेल्या साधनसंचांत अशी पुसलेली फाईल परत मिळविण्याची सोय होती. १९९१ च्या डॉस ५ मध्यें ती सोय मूळ व्यवस्थेंतच आली. फाईल परत देतांना संगणक मालकास तिच्या नांवाचें पहिलें अक्षर विचारी. कारण तें एक अक्षर पुसलें गेलेलें असे.

परंतु ही विद्या सर्वांस येणार कोठून? म्हणून टाकणें आणि नष्ट करणें ह्या दोन क्रियांच्या मध्यें एक विसांव्याची जागा असावी, ही कल्पना पुढें आली. ॲपल कंपनीच्या १९८३ सालच्या लिसा संगणकावर कचऱ्याची टोपली होती. १९९५ सालीं विंडोज ९५ बरोबर रीसायकल बिन आली, आणि ती घरोघर पोहोंचली. मनुष्याचा हात चुकतो हें गृहीत धरूनच ही टोपली केलेली आहे. ती चटकन् रिकामी होत नाहीं म्हणून तिच्यावर रागावणाऱ्यानें हें विसरूं नये.

टोपलीविषयींच्या तक्रारी बहुधा तीन प्रकारच्या असतात. टोपली रिकामी असूनही भरलेली दिसते, ही पहिली. आंतील एखादी वस्तु कांहीं केल्या जात नाहीं, ही दुसरी. आणि टोपली रिकामी झाली तरी ड्राइव्हवर जागा वाढत नाहीं, ही तिसरी. ह्या तीन तक्रारींचीं कारणें अगदीं भिन्न आहेत. म्हणून आपली तक्रार ह्यांपैकीं कोणती, हें टोपली उघडून डोळ्यांनीं पाहून मगच ठरवावें.

पहिली तक्रार सर्वांत सौम्य होय. टोपली उघडली असतां आंत कांहीं नाहीं, परंतु बाहेरील चित्रांत मात्र कागद दिसतात, असें असेल तर दोष चित्राचा आहे. पडद्याच्या मोकळ्या भागावर एकदां क्लिक करून 'एफ ५' ही कळ दाबावी, म्हणजे पडदा नव्यानें रंगविला जातो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर संगणक रीस्टार्ट करावा. कोणीं हौसेनें निराळीं चित्रें बसविलीं असतील, तर 'सेटिंग्ज'मधील 'पर्सनलायझेशन', त्यांतील 'थीम्स' व तेथील 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज' येथें जाऊन मूळ चित्र परत आणावें. ह्यांत कोणत्याही फाईलीस हात लावावा लागत नाहीं.

दुसरी तक्रार खरी त्रासाची. वस्तु टोपलींत दिसते, 'एम्प्टी' म्हटलें तरी जात नाहीं, किंवा जाऊन पुन्हां येते. येथें चार कारणें संभवतात, आणि सोप्याकडून कठिणाकडे जाणें हाच शहाणपणाचा क्रम होय.

पहिलें कारण असें कीं, ती फाईल दुसऱ्या कोणीं तरी धरून ठेविलेली असते. वर्गांत एका विद्यार्थ्याच्या हातीं पुस्तक असतां ग्रंथपालास तें कपाटांत ठेवितां येत नाहीं. त्याप्रमाणें विषाणु तपासणारा प्रोग्राम, छायाचित्रें दाखविणारा प्रोग्राम किंवा प्रती काढून ठेवणारा प्रोग्राम त्या फाईलीवर काम करीत असेल, तर विंडोज ती पुसूं देत नाहीं. उघडे असलेले सर्व प्रोग्राम बंद करून पाहावें. नंतर संगणक रीस्टार्ट करावा. येथें एक सूक्ष्म भेद सांगितला पाहिजे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आली आहे. ती चालू असतां 'शट डाउन' केल्यानें व्यवस्थेचा गाभा पूर्णपणें बंद होत नाहीं. त्याची स्थिति जतन करून ठेविली जाते व दुसऱ्या दिवशीं तीच पुढें चालू होते. 'रीस्टार्ट' केल्यानें मात्र सर्व नव्यानें सुरू होतें. म्हणून रात्रीं संगणक बंद करून सकाळीं चालू केला, एवढ्यानें हा उपाय केला असें समजूं नये. रीस्टार्टनेंही न भागल्यास 'सेफ मोड'मध्यें जावें, म्हणजे अत्यंत आवश्यक तेवढेच भाग चालू राहतात. 'शिफ्ट' कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडल्यावर 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' व 'स्टार्टअप सेटिंग्ज' अशी वाट धरावी आणि पुढें चारचा आंकडा दाबावा. मग टोपली रिकामी करून संगणक पुन्हां नेहमींप्रमाणें रीस्टार्ट करावा.

दुसरें कारण नांवाच्या लांबीचें आहे. विंडोजच्या जुन्या नियमाप्रमाणें फाईलीचा सबंध पत्ता, म्हणजे ड्राइव्हचें अक्षर, फोल्डरांत फोल्डर अशीं सर्व नांवें आणि शेवटीं फाईलीचें नांव, हा २६० चिन्हांच्या आंत बसावा लागतो. अनेक प्रोग्राम अद्याप हीच मर्यादा धरून चालतात. मराठींत नांवें देणाऱ्यांनीं येथें विशेष लक्ष द्यावें; कारण संगणक काना, वेलांटी व हलन्त हीं चिन्हें निरनिराळीं मोजतो. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्या डोळ्यांस तीन अक्षरांचा दिसतो, परंतु संगणकाच्या मोजणींत तीं दहा चिन्हें होतात. अशीं लांबलचक नांवें एकांत एक घातलेलीं फोल्डरें टोपलींत गेलीं म्हणजे तीं कधीं कधीं अडून बसतात. त्यावर उपाय उलटा आहे. टोपलींतील तें फोल्डर 'रीस्टोर' करून मूळ जागीं न्यावें, बाहेरून आंतपर्यंत एकेका फोल्डरास एकदोन अक्षरांचें नांव द्यावें, आणि मग पुन्हां टाकावें.

तिसरें कारण तबकडीच्याच दोषाचें. वीज अकस्मात् जाणें, बाह्य ड्राइव्ह काम चालू असतां ओढून काढणें, इत्यादि कारणांनीं संगणकाची नोंदवही व प्रत्यक्ष जागा ह्यांचा मेळ बसत नाहीं. अशा वेळीं 'चेक-डिस्क' नांवाची तपासणी करावी. ड्राइव्हच्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', त्यांतील 'टूल्स' व तेथील 'चेक' निवडलें म्हणजे ती सुरू होते. परंतु तबकडींतून नेहमींहून निराळा आवाज येत असेल, किंवा फाईली वारंवार उघडेनाशा झाल्या असतील, तर तपासणीपूर्वीं महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसऱ्या ठिकाणीं काढून ठेवावी. आसन्नमरण तबकडीस टोपली रिकामी करण्यापेक्षां ह्या प्रतीची गरज अधिक आहे.

चौथें कारण, टोपलीचें फोल्डरच बिघडलें आहे, हें होय. अशा प्रसंगीं विंडोज स्वतःच 'ह्या ड्राइव्हवरील रीसायकल बिन बिघडली आहे. ती रिकामी करावयाची काय?' अशा अर्थाचा प्रश्न इंग्रजींत विचारितें. 'होय' म्हणण्यापूर्वीं टोपली उघडून आंत हवें असें कांहीं आहे काय तें पाहावें, व असल्यास तें आधीं परत काढून घ्यावें. 'होय' म्हटल्यानेंही काम झालें नाहीं, तर 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम', त्यांतील 'स्टोरेज' व 'टेंपररी फाईल्स' येथें जाऊन 'रीसायकल बिन' एवढ्याच ओळीपुढें खूण करून ती काढावी. त्याच यादींत 'डाउनलोड्स' अशीही एक ओळ असूं शकते. तिच्यापुढें चुकून खूण राहिली तर इंटरनेटवरून उतरवून ठेविलेलीं पुस्तकें, प्रवेशपत्रें, पावत्या हें सर्व जाईल. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं यादी वरपासून खालपर्यंत वाचावी.

ह्या सर्वांनंतर जो शेवटचा उपाय उरतो, तोच पुष्कळ लोक पहिल्यानें सांगतात. 'कमांड प्रॉम्प्ट' ही खिडकी व्यवस्थापकाच्या अधिकारानें उघडून टोपलीचें मूळ फोल्डरच आज्ञा लिहून पुसून टाकणें, हा तो होय. असें केल्यावर विंडोज स्वतः नवें फोल्डर तयार करितें, आणि बिघाड दूर होतो, हें खरें. परंतु त्या आज्ञेचे भाग काय सांगतात तें पाहा. 'आर-डी' म्हणजे फोल्डर काढून टाक. तिरप्या रेघेपुढील 'एस' म्हणजे आंतील सर्व वस्तूंसह. तिरप्या रेघेपुढील 'क्यू' म्हणजे मला कांहीं एक न विचारतां. ज्या आज्ञेनें संगणकाचें तोंडच बंद करून ठेविलें, ती लिहितांना अधीर बोटांस थारा नाहीं. फोल्डराचें नांव लिहावयाचें राहून ड्राइव्हचें अक्षर व तिरपी रेघ एवढ्यावरच 'एंटर' दाबलें गेलें, तर ती आज्ञा सबंध ड्राइव्हवर चालूं लागते. शिवाय ह्या उपायानें त्या ड्राइव्हवरील सर्व खातेदारांच्या टोपल्या एकदम रिकाम्या होतात. भावानें काल चुकून टाकलेली व उद्यां परत घ्यावयाची म्हणून ठेविलेली फाईलही जाते. 'पॉवरशेल' ह्या दुसऱ्या खिडकींत डॉलर-चिन्हाचा अर्थ निराळा होत असल्यामुळें तेथें ही आज्ञा लिहूं नये. आमचा आग्रहाचा सल्ला असा कीं, हा उपाय विद्यार्थ्यानें एकट्यानें न करितां घरांतील जाणत्या माणसासमक्ष, घरांत सर्वांस विचारून, आणि प्रत काढून ठेविल्यावरच करावा.

आतां तिसरी तक्रार. टोपली रिकामी झाली, पण जागा वाढली नाहीं. येथें तीन प्रश्न विचारावे. ज्या ड्राइव्हवर जागा हवी, फाईली त्याच ड्राइव्हवरच्या होत्या काय? 'डी' ड्राइव्हवरील वस्तु काढल्यानें 'सी' मोकळा होत नाहीं. संगणकावर इतर खातीं आहेत काय? प्रत्येकाची खोली स्वतंत्र असल्यामुळें धाकट्यानें आपली टोपली झाडली तरी थोरल्याची तशीच भरलेली राहते. ज्यानें त्यानें आपल्या खात्यांत जाऊन ती झाडावी. आणि तिसरा प्रश्न, भरलेली जागा संगणकावरील आहे कीं दूरच्या सांठ्यावरील? वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह इत्यादि सांठ्यांची स्वतःची निराळी टोपली असते, व ती त्या त्या ठिकाणीं जाऊनच रिकामी करावी लागते. गूगल ड्राइव्हच्या टोपलींतील वस्तु २०२० च्या ऑक्टोबरपासून ३० दिवसांनीं आपोआप जातात. वनड्राइव्हवर घरगुती खात्यास ३० दिवस व शाळा-कचेरीच्या खात्यास सामान्यतः ९३ दिवस अशी मुदत आहे.

ह्याच्या अगदीं उलट प्रकारही आहे. पेन-ड्राइव्हवरील फाईल पुसली असतां ती सहसा टोपलींत येतच नाहीं, तत्क्षणींच जाते. 'शिफ्ट' दाबून पुसलेली फाईल, आणि टोपलीच्या ठरलेल्या मापाहून मोठी असलेली फाईल, ह्यांचीही तीच गति होते. 'टोपलींत असेलच' ह्या भरंवशावर परीक्षेचा प्रकल्प पेन-ड्राइव्हवरून पुसणाऱ्या विद्यार्थ्यास तो टोपलींत शोधून सांपडणार नाहीं.

चुकून टोपली रिकामी झालीच, तर फिरत्या तबकडीच्या बाबतींत थोडी आशा असते. शेतांत नवा नांगर फिरण्यापूर्वीं, म्हणजे त्या ड्राइव्हवर नवें कांहीं लिहिलें जाण्यापूर्वीं, संगणकाचा वापर तत्काळ थांबवून जाणकाराकडे न्यावा. अलीकडच्या एस-एस-डी ड्राइव्हांत मात्र २००९ सालच्या विंडोज ७ पासून पुसलेल्या जागेची सूचना ड्राइव्हास लगेच दिली जाते व तो ती आंतून साफ करून टाकितो. मग फाईल परत मिळणें जवळ जवळ अशक्य होतें. ह्याच ज्ञानाचा दुसरा उपयोग पालकांनीं करावा. जुना संगणक विकतांना टोपली रिकामी केली म्हणजे घरचे कागद गेले असें मानूं नये. 'रीसेट धिस पीसी' मध्यें सर्व काढून टाकण्याचा व त्यांतच ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय आहे, तो निवडून मगच यंत्र दुसऱ्याच्या हातीं द्यावें.

तात्पर्य, टोपली रिकामी होत नाहीं तेव्हां तिला जोरानें झटकण्यापूर्वीं तिच्या आंत काय आहे, तें कोणाचें आहे आणि तें कोणीं धरून ठेविलें आहे, हे तीन प्रश्न विचारावे. बहुतेक वेळां एक रीस्टार्ट पुरतो. जेथें तो पुरत नाहीं तेथें वर सांगितलेल्या क्रमानें जावें, आणि प्रत्येक पायरीपूर्वीं जें गमावणें परवडणार नाहीं त्याची एक प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी. ही प्रत हाताशीं असेल, तर टोपली चार दिवस भरलेली राहिली म्हणून घरांतील कोणाचें कांहीं अडणार नाहीं.